पिण्याचे पाणी आणि घरचा फिल्टर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे गेली. आता निवृत्त आहे, पण फोन काही थांबत नाही. पहिला पाऊस पडला की 'काका, पाणी पिवळं येतंय' आणि एप्रिल उजाडला की 'टँकरचं पाणी चालेल का'. तीच तीच उत्तरे टाइप करून बोटे दुखायला लागली म्हणून हे एका जागी लिहून ठेवले. प्रश्न लोकांच्याच शब्दांत आहेत.

१. फिल्टर घ्यायचा आहे. कुठला चांगला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याला मी कधीच थेट उत्तर देत नाही. डॉक्टरला 'औषध कुठलं चांगलं' असे विचारण्यासारखे आहे ते. आधी पाण्याला काय झाले आहे ते सांगा.

पाण्याची दुखणी ढोबळपणे तीन. पहिले गढूळपणा : माती, गाळ, गंज. हा डोळ्यांना दिसतो. दुसरे जंतू : दिसत नाहीत, वास नाही, चव नाही, आणि चार दिवसांत माणसाला सलाईनवर नेतात. तिसरे विरघळलेले क्षार : कॅल्शियम, मीठ, फ्लोराइड, नायट्रेट. यांतले काही चवीला कळतात, काही अजिबात कळत नाहीत.

गाळाला गाळणे आणि निवळणे. जंतूंना उकळणे, क्लोरीन किंवा यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा). क्षारांना मात्र घरच्या घरी आरओशिवाय (दाबाने पडद्यातून पाणी गाळणारे यंत्र) फारसा इलाज नाही. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. माझ्याकडे आलेल्या निम्म्या तक्रारींत लोकांनी जंतूंच्या पाण्याला क्षारांचे यंत्र घेतलेले असते, किंवा उलटे.

२. आमच्याकडे महापालिकेचे पाणी आहे. मग काही करायची गरज आहे का?

शुद्धीकरण केंद्रातून निघताना ते पाणी बहुतेक वेळा चांगले असते. बिघडते ते वाटेत. आपल्याकडे चोवीस तास पाणी फार थोड्या ठिकाणी येते. नळ बंद असतो तेव्हा जमिनीखालची पाइपलाइन रिकामी असते, तिच्यात दाब नसतो. शेजारून गटार जात असेल आणि सांधा गळका असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. पाणी सुटले की तीच पहिल्या बादलीत येते. म्हणून पहिली पाच-दहा मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी भरू नका, त्यात फरशी पुसा.

नळाला थेट मोटर लावणाऱ्यांना एक सांगायचे आहे. बहुतेक शहरांत ते नियमाबाहेर आहे हे त्यांना माहीत असतेच. माहीत नसते ते हे, की मोटर पाण्याबरोबर शेजारच्या गटारालाही ओढते. आधी स्वतःच्या घरात, मग गल्लीत.

पाइपलाइन ठीक असेल, सोसायटीची टाकी सहा महिन्यांनी धुतली जात असेल आणि पाण्याला क्लोरीनचा हलका वास येत असेल, तर यूव्ही किंवा पावसाळ्यात उकळणे एवढे पुरते. आरओचा विचार करण्याआधी प्रश्न ५ वाचा.

३. पाणी किती वेळ उकळायचे? आई वीस मिनिटे सांगते.

आईचा गॅस वाया जातो आहे. पाण्याला खळखळून उकळी फुटली की त्यानंतर एक मिनिट, बस. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर पाणी कमी तापमानाला उकळते, तिथे तीन मिनिटे. महाराष्ट्रात ती वेळ येत नाही : कळसूबाई १६४६ मीटर. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गुलेन-बॅरी सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा दिवसभर हेच विचारणारे फोन येत होते. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला होता. तो काही वज्रदेही नाही, उकळी फुटण्याच्या आधीच मरतो. कावीळ, टायफॉईड, कॉलरा यांचेही तसेच.

उकळून क्षार मात्र जात नाहीत. पाणी आटते, क्षार तेवढेच राहतात, म्हणजे उलट थोडे वाढतात. आणि उकळलेले पाणी ज्या भांड्यात उकळले त्यातच झाकून गार करा. गार करायला दुसऱ्या न धुतलेल्या कळशीत ओतले की सगळे मुसळ केरात.

४. तुरटी फिरवली तर पाणी शुद्ध होते ना?

निवळते. शुद्ध होत नाही. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. त्यांच्यासोबत बरेच जंतूही खाली जातात, पण सगळे नाहीत. निवळीच्या बिया मडक्याला आतून उगाळायची जुनी रीत आहे, तिचेही काम हेच. वरचे निवळशंख पाणी अलगद काढून घ्या आणि मग उकळा किंवा क्लोरीन घाला. गढूळ पाण्यात क्लोरीन घातले तर ते मातीवरच खर्च होते.

फडक्याने गाळण्याला मात्र हसू नका. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल यांच्या गटाने बांगलादेशात मतलब नावाच्या भागात पाहिले, की जुनी सुती साडी चार पदरी करून पाणी गाळणाऱ्या घरांत कॉलऱ्याचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले. तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. कारण सोपे आहे : कॉलऱ्याचा जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून राहतो आणि किडे कापडात अडकतात. जुनीच साडी हवी, धुऊन धुऊन तिचे विणकाम दाट होते. गाळून झाल्यावर फडके धुऊन उन्हात वाळवायचे. कावीळ, टायफॉईडला हा उपाय पुरत नाही.

५. टीडीएस किती असावा? आमचा ३८० आला, घाबरायला झालं.

घाबरू नका. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, चांगला, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावा असे म्हटले आहे. ३८० चे पाणी चवीला छान लागते.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. गटाराचे पाणी मिसळलेले नळाचे पाणी मीटरवर २२० दाखवू शकते आणि उत्तम खनिजांचे विहिरीचे पाणी ४५०. दोन्हींतले कुठले प्याल?

राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितले, की जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओवर बंदी घाला. कारण उघड आहे : घरचा साधा आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतो. पुण्या-मुंबईत धरणाच्या पाण्यावर आरओ लावणे म्हणजे धुतलेले तांदूळ पुन्हा निवडत बसणे.

आरओ खरेच हवा तो मचूळ पाण्याला. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या. तिथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा नासल्यासारखा लागतो. तिथे मी कुणाला आरओ घेऊ नका म्हणणार नाही.

६. कंपनीचा माणूस घरी आला, ग्लासात मशीन घातले आणि आमचे पाणी काळेकुट्ट झाले! आरओचे तसेच राहिले.

माझ्या आत्याकडे हा खेळ मी स्वतः पाहिला. दोन ग्लास, प्रत्येकात दोन-दोन धातूच्या कांड्या, वर प्लग. मिनिटभरात नळाच्या पाण्याच्या ग्लासात आधी पिवळी, मग हिरवट-तपकिरी पेंड तरंगायला लागली. आत्याने तोंडाला पदर लावला. 'हे तुम्ही रोज पिता, मावशी,' तो म्हणाला.

पेंड पाण्यातली नव्हती, कांडीतली होती. लोखंडाच्या कांडीतून वीज गेली की लोखंड विरघळते आणि गंज तयार होतो. क्षार असतील तर पाण्यातून वीज वाहते, आरओच्या पाण्यात क्षारच नसतात म्हणून काही होत नाही. मी स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणून त्याच्या आरओच्या ग्लासात टाकले आणि म्हटले, आता लाव. त्याने पिशवी आवरली. चहा मात्र घेऊन गेला.

७. आरओ, यूव्ही, यूएफ : नेमका फरक काय?

यूएफ म्हणजे अतिशय बारीक पोकळ धाग्यांची गाळणी. जीवाणू अडतात, क्षार आरपार जातात. वीज लागत नाही, पाणी वाया जात नाही. विषाणू फार लहान असतात, ते सगळे अडतीलच असे नाही.

यूव्ही म्हणजे दिवा. २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण जंतूंची वाढ होण्याची क्षमताच मोडतात, विषाणूंचीसुद्धा. पण पाणी स्वच्छ हवे, गढूळ पाण्यात जंतू मातीच्या आडोशाला लपतात. दिवा निळसर पेटलेला दिसतो म्हणजे काम करतोच असे नाही, साधारण वर्षभराने त्याचा जोर ओसरतो. आणि यूव्हीने मागे काही उरत नाही. क्लोरीन पाण्यात राहून राखण करते, यूव्ही फक्त त्या क्षणापुरता.

आरओ म्हणजे दाब देऊन पाणी एका पडद्यातून ढकलणे. त्यातून क्षारही जात नाहीत. हा पडदा १९५९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी घडवला, तोही समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी. आपण तो खडकवासल्याच्या पाण्याला लावतो.

'अल्कलाइन', 'कॉपर', 'मिनरल' वगैरे जे कार्ट्रिज शेवटी जोडतात, त्यासाठी जास्तीचे पैसे मी देणार नाही.

८. घरात आरओ-यूव्ही असूनही मुलाला कावीळ झाली. मशीन खराब आहे का?

असू शकते. पण आधी हे विचारतो : मुलगा शाळेत कुठले पाणी पितो, पाणीपुरीच्या गाड्यावर जातो का, बर्फाचा गोळा खाल्ला का. कावीळ घरी दिसते, लागते बाहेर. हिपॅटायटिस ए आणि ई चा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही आठवडे जातात, त्यामुळे कालच्या पाण्याला दोष देऊन उपयोग नाही.

मग मशीनच्या साठवण टाकीकडे या. ओळखीचे एक कुटुंब गणपतीला दहा दिवस कोकणात गेले होते. परत आल्यावर यंत्राच्या टाकीत साठलेले तेच पाणी प्यायला घेतले. मी त्यातले थोडे एच-टू-एस बाटलीत भरले. या छोट्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी घालून उबदार जागी ठेवतात, मैल्यातले जंतू असतील तर एक-दोन दिवसांत पाणी काळे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाईसारखी झाली होती. पडदा ठीक होता, यूव्ही ठीक होता, पण टाकीत क्लोरीनचा मागमूस नसलेले पाणी दहा दिवस उभे होते. बाहेरगावाहून आलात की टाकी पूर्ण रिकामी करा, पुन्हा भरा, तीही एकदा सोडून द्या.

९. विहिरीत टीसीएल किती टाकायची?

आधी विहिरीत पाणी किती ते काढा. गोल विहिरीसाठी : व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५. सगळे मीटरमध्ये, उत्तर लिटरमध्ये. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण २८ हजार लिटर.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. चांगल्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असते. अशी पावडर हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम लागते. वरच्या विहिरीला ७० ते १४० ग्रॅम, पाणी जितके मळलेले तितकी जास्त. पोते उघडे राहिले असेल तर क्लोरीन उडून नुसता चुना उरतो. नाकाला झोंबत नसेल तर ती पावडर विहिरीत टाकून पुण्य मिळेल, शुद्धीकरण नाही.

पावडर बादलीत कालवा, दहा मिनिटे थांबा, चुना खाली बसू द्या. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडा आणि वरखाली हलवा. हे संध्याकाळी, पाणी भरणे संपल्यावर. किमान एक तास कुणी पाणी उपसू नये. सकाळी ओटी टेस्ट (पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे द्रावण टाकून केलेली क्लोरीनची चाचणी) घ्या : फिकट पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. शेवटच्या घराच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला हवे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटीचे द्रावण असते, मागा. तुमच्या गावाला आरोग्य विभागाचे कार्ड कोणते आहे तेही विचारा. लाल म्हणजे स्रोत धोक्यात, पिवळे म्हणजे मध्यम, हिरवे म्हणजे ठीक.

१०. मेडिक्लोरच्या पाण्याला वास येतो, मुलं पीत नाहीत.

मेडिक्लोर म्हणजे बाटलीतले क्लोरीनचे द्रावण. वास थोडा यायलाच हवा, ती राखणदाराची शिट्टी आहे. थेंब बाटलीवर लिहिले आहेत तेवढेच घाला आणि अर्धा तास थांबा. मग पाणी स्वच्छ तांब्यातून दुसऱ्या तांब्यात चार वेळा उंचावरून ओता, वास बराच कमी होतो.

११. तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेले पाणी सुरक्षित असते?

तांब्याने काही जंतू मरतात, त्याला वेळ मात्र बराच लागतो. आधीच चांगले असलेले पाणी तांब्यात ठेवा, मजा आहे. टँकरचे पाणी केवळ तांब्याच्या भरवशावर पिऊ नका. ताक, लिंबाचे सरबत तांब्याच्या भांड्यात ठेवू नका.

१२. बोअरचे पाणी थंडगार, गोड आहे. तरी तपासायचे?

बोअरचेच आधी तपासा. फ्लोराइडला चव नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत मुलांच्या दातांवरचे तपकिरी पट्टे पाहिले की पाण्याचा अहवाल मागवायचीही गरज वाटत नाही. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड म्हणजे पिण्यासाठी तो स्रोत बंद, पुढे हाडेही धरली जातात. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढायची पद्धत बसवली, तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. घरात मात्र आरओ सोपा.

दुसरे नायट्रेट. ऊसपट्ट्यातली खते आणि बोअरशेजारचे शोषखड्डे यांतून ते झिरपते. मर्यादा ४५ मिलिग्रॅम, तिच्यात सवलत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असे पाणी दुधाच्या पावडरीतून गेले तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते आणि बाळ निळे पडते. इथे उकळणे घातकच (कारण प्रश्न ३ मध्ये). बाळासाठी दुसरा स्रोत शोधा.

तपासणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेत होते. रासायनिक तपासणीला स्वच्छ बाटली चालते. जंतूंच्या तपासणीला प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली घ्या आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत आणलेले नमुने मी आयुष्यभर परत पाठवले.

१३. लग्नात, ऑफिसात येणारे वीस लिटरचे थंड जार?

सीलबंद बाटलीबंद पाणी वेगळे आणि झाकण नुसते दाबून बसवलेला गार पाण्याचा जार वेगळा. दुसऱ्यावर ना परवाना क्रमांक असतो, ना भरल्याची तारीख. 'आरओचे पाणी' असे जारवर रंगवले म्हणजे जार आतून धुतला असे होत नाही. जारच्या तळाशी बोट फिरवून पाहा. बुळबुळीत लागले तर परत पाठवा.

१४. गडावरच्या टाक्यातले पाणी ट्रेकला पिता येते का? खिशातला फिल्टर चालेल?

चालेल, पण एकट्याच्या भरवशावर नको. बाटलीला लावायच्या पोकळ धाग्यांच्या फिल्टरची छिद्रे ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनची असतात. त्यातून जीवाणू आणि जिआर्डियासारखे मोठे जंतू अडतात. विषाणू निसटतात. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात एक खास पाहुणा आहे, लेप्टोचा जंतू. तो इतका सडपातळ आणि पिळदार असतो की ०.२ मायक्रॉनच्या जाळीतूनही सटकू शकतो. क्लोरीनने मरतो.

उलट बाजूने, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, पण फिल्टरमध्ये अडकतो. म्हणून आधी फिल्टर, मग क्लोरीनची गोळी, मग अर्धा तास. एकाचे राहिलेले दुसरा करतो. गोळी विरघळली की झाकण थोडे सैल करून बाटली उलटी करा, म्हणजे आट्यांमध्ये अडकलेले कच्चे पाणीही धुतले जाईल.

टाक्यावर हिरवी-निळी साय धरली असेल तर ते पाणी सोडा. त्या शेवाळाचे विष ना फिल्टरने जाते, ना गोळीने, ना उकळून.

हिमालयात हा फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. एकदा ओला फिल्टर गोठला की धागे तडकतात, आणि तडकलेले बाहेरून दिसत नाहीत.

१५. पूर आला, वीज नाही, गॅस नाही. मग?

मेडिक्लोर असेल तर तेच (प्रश्न १०), गढूळ असेल तर आधी प्रश्न ४. काहीच नसेल तर ऊन. दोन लिटरपर्यंतच्या पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत निवळलेले पाणी भरा, बाटली आडवी करून पत्र्यावर सहा तास कडक उन्हात ठेवा. आभाळ असेल तर सलग दोन दिवस. उभ्या बाटलीखाली वर्तमानपत्र ठेवून वरच्या तोंडातून मोठ्या अक्षरांचा मथळा वाचता आला पाहिजे, नाहीतर पाणी फार गढूळ आहे. ऐन पावसात हा उपाय लंगडा पडतो हे मान्य, म्हणून जूनमध्येच क्लोरीनची बाटली घरात आणून ठेवा.

१६. सून गरोदर आहे. तिच्यासाठी वेगळे काही?

पावसाळा असेल तर फिल्टर कुठलाही असो, तिचे पाणी उकळूनच. हिपॅटायटिस ई ची कावीळ एरवी बरी होते, पण शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतते. इचलकरंजीत २०१२ साली हीच साथ आली होती. ऑफिसला जात असेल तर घरून बाटली द्या.

१७. एवढं सगळं करून पाणी भरून ठेवलं. आता?

आता त्यात हात घालू नका. पेल्यासकट बोटे माठात बुडतात तिथे आधीची सगळी मेहनत वाया. लांब दांड्याचे ओगराळे ठेवा, नाहीतर तोटीचा माठ घ्या. ओगराळे माठाच्या झाकणावर उघडे ठेवू नका, खिळ्याला टांगा.